शेवटची अकरा मिनिटं

१

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या बोळातून सरळ गेलं की ध्वनिविभागाची खोली लागते. भिंतींना करडा, जाड फोम. दार इतकं जड की ढकलताना खांदा लावावा लागतो. दारात वीतभर काच आणि आतून लोखंडी कडी. एकदा कडी घातली की बाहेर कुणी बँड उभा केला तरी आत कळायचं नाही, असं कानसेन मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

कानसेन म्हणजे तिथले तंत्रज्ञ. निवृत्तीला सात महिने राहिलेले. डोक्यावर केस औषधालाही नाही, पण कान असे की पंख्याच्या घरघरीवरून तो कोणत्या आठवड्यात बंद पडेल ते सांगावं. त्यांच्याखेरीज त्या खोलीत एकच माणूस बसायचं. नोंदबाई.

जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि कुठल्या मिनिटाला काय ऐकू येतं ते लिहून काढायचं, हे तिचं काम. टाळ्या. खोकला. मूल रडतं. वक्ता पाणी पितो. सव्वीस वर्षं हेच. "तुमच्यासमोर शिंकायचीही चोरी," असं ऑफिसातले लोक म्हणायचे, "लगेच मिनिट-सेकंद टाकाल." नोंदबाई हसायची आणि हेडफोन परत कानावर चढवायची.

त्या महिन्यात भोंगाबाईंचा संग्रह आला होता. भोंगाबाई कारखान्यांच्या फाटकांवर गायच्या. माइक नसला तरी आवाज तिसऱ्या गल्लीत पोचायचा, म्हणून कामगारांनी त्यांना ते नाव दिलं आणि त्यांनीही ते पदकासारखं मिरवलं. त्यांच्या गाण्यावर संप उभे राहिले, मोडायला आलेले संप चार-चार महिने तगले. गेल्या वर्षी त्या वारल्या. आता वरच्या मजल्यावर त्यांचं दालन होत होतं. काचपेट्यांत त्यांचा डफ, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, खाडाखोड केलेल्या गाण्यांच्या वह्या, तुरुंगातून बहिणीला लिहिलेली पत्रं. उद्घाटनाला नऊ दिवस होते.

त्यांच्या जुन्या ड्रायव्हरनं अडतीस रिळांनी भरलेली एक ट्रंक आणून दिली होती. बाईंच्या सभा तोच टेप करायचा. नोंदबाईनं सदतीस रिळं नेटानं संपवली. अडतिसावं तिनं मुद्दाम मागे ठेवलं होतं.

२

त्या रिळावरची सभा तिला पाठ होती. ती स्वतः गेलेली नव्हती, तिचा दादा गेला होता.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानाची परवानगी ऐन वेळी नाकारली म्हणून सभा एका पडीक गोदामात घेतली. मध्येच दिवे गेले, कुणीतरी किंचाळलं, लोक दाराकडे धावले. भोंगाबाई आणि पुढचे काही जण कसेबसे बाहेर पडले, आणि गोदामाचं मोठं दार बाहेरून बंद झालं. कुणी लावलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी उघडलं तेव्हा नऊ जण मेलेले होते, बरेच जखमी होते, आणि सहा जण नव्हतेच. ना आत, ना बाहेर. "पळून गेले असतील," असं साहेबलोक म्हणाले.

दादा त्या सहांतला. बावीस वर्षांचा. "तासाभरात येतो, माझं ताट झाकून ठेवा," एवढंच बोलून गेलेला. आईनं पुढची दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. नोंदबाई तेव्हा सोळाची होती. मोठी झाल्यावर ती या नोकरीत आली तीही त्याच आशेवर, की सगळे कागद कधी ना कधी इथेच येतात. आईला मात्र तिनं तसं कधी सांगितलं नाही.

रीळ जुनं होतं, चिकट झालं होतं. कानसेननी ते आठ तास मंद उबेच्या भट्टीत ठेवलं, वाळवलं आणि एकदा चालवून त्याची डिजिटल प्रत काढून ठेवली. नोंदबाईनं ती प्रत ऐकली. एकतिसाव्या मिनिटापर्यंत गाणी. तिनं प्रत्येक खोकल्यात दादाला शोधला. सापडला नाही. मग अंधार झाल्यावरची ती चार मिनिटं. ती कशी ऐकली ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं लिहिलं: '३५:१० खरखर. पुढे शांतता.'

प्रत चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तुटत होती. पुढे काहीच नाही म्हणून कानसेननी मशीन थांबवलं होतं. नोंदपत्रकात मात्र मूळ रिळाची पूर्ण लांबी लिहावी लागते. तेवढ्यासाठी तिनं दुपारी रीळ स्वतः यंत्रावर चढवलं आणि पस्तिसाव्या मिनिटापासून सोडलं. हातात पेन्सिल, समोर घड्याळ. रोजचं काम.

शेचाळीस मिनिटं भरायला थोडंच राहिलं होतं.

"भुणभुणे," कुणीतरी म्हणालं.

"काय?" ती म्हणाली. हाकेला ओ द्यावी तशी, विचार न करता.

आणि रीळ संपलं.

३

लहानपणी ती दादाच्या कानाशी लागून सारखं काहीतरी गुणगुणायची, म्हणून त्यानं तिला भुणभुणी म्हणायला सुरुवात केली. ते फक्त त्याचं. आईनंसुद्धा तिला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

तिनं पाणी प्यायलं. स्वतःला समजावलं. रोज आठ तास ऐकणारा माणूस नळाच्या धारेतही शब्द ऐकतो, हे तिनं नव्या लोकांना शंभरदा सांगितलं होतं.

तिनं सांगितल्यावर कानसेन म्हणाले, "अहो, वेढ्यावर वेढा बसलेला असतो. चौतीस वर्षं एकमेकांना चिकटून पडल्यावर एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्यावर उतरतो. सभेतलंच काहीतरी असेल. आणि टेप स्वतःही भुणभुण करतेच की."

"मला तो शब्द ऐकू आला."

"तुम्हाला आज घरी जायला हवं."

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ते चहाला गेलेले असताना, तिनं पुन्हा रीळ चढवलं. पस्तीस दहा. खरखर. शांतता. तिनं डोळे मिटले. या वेळी तिला शेवटपर्यंत थांबावं लागलं नाही. छत्तिसाव्या मिनिटालाच तो बोलला, आणि आवाज कालच्यापेक्षा जवळून आला.

"भुणभुणे, तू ओ दिलीस ना? इथं काहीच दिसत नाही गं. दार कुठाय?"

हेडफोन काढून फेकावा असं तिला वाटलं. हात उचललाच नाही. ती नुसती म्हणत राहिली, "दादा. दादा. दादा." पलीकडे कुणीतरी हातानं भिंत चाचपत होतं. तळहात खरखरीत भिंतीवरून सरकत जातो, थांबतो, पुन्हा सरकतो. दहा मिनिटं तेवढंच.

डोळे उघडले तेव्हा कानसेन शेजारी उभे होते. त्यांची नजर यंत्रावरच्या, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे होती.

"काटा हलत होता," ते म्हणाले. त्यांनी हेडफोन तिच्या कानावरून अलगद काढून स्वतःच्या कानाला लावला, रीळ थोडं मागे घेऊन ऐकलं. "मला नुसती भुणभुण येतेय. पण काटा बोलल्यासारखा हलतोय."

मग त्यांनी यंत्राच्या तोंडाशी बोट फिरवलं. बोटावर तांबूस पूड आली. टेपवरचा थर सुटत होता. आवाज त्या थरातच असतो.

"प्रतीत यातलं काहीच नाही. ही टेप आणखी दोनदा चालेल," ते म्हणाले. "त्यानंतर नुसतं प्लॅस्टिक."

४

ड्रायव्हर सुनेकडे राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. नोंदबाई गेली तेव्हा तो खिडकीत बसून रेडिओचं झाकण उघडून बघत होता. हात कापत होते, पण स्क्रू एकही खाली पडला नव्हता.

"शेवटचं रीळ का दिलंत?" तिनं विचारलं.

"घरात ठेववेना. फेकवेना. संग्रहालय कशासाठी असतं मग?"

"त्यात शेवटी अकरा मिनिटं शांतता आहे."

"असेल."

"आत सव्वाशे माणसं अडकलेली. जखमी. आणि टेपवर कुणी कण्हत नाही, की श्वाससुद्धा नाही. वायर तुटली होती का?"

म्हाताऱ्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "वायर तुटली नव्हती ताई. वायर माझ्या हातात होती. मी माइक उपटून घेऊनच पळालो. नवा माइक होता, सोडवेना. मशीन तसंच आत राहिलं, बॅटरीवर चालू."

"म्हणजे त्या अकरा मिनिटांत मशीनला माइकच नव्हता?"

"नव्हता."

"मग त्यावर काही येईल कसं?"

"ते मला विचारू नका," तो म्हणाला, आणि सुनेला हाक मारून उगाच पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर तो आपणहून बोलला. "बाईंनी ते एकदाच ऐकलं. माझ्यासमोर. शेवट आला आणि त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. मला वाटलं, रडू आवरतायत. रीळ संपलं तरी हात काढेनात. मीच ओढून काढले, तर गालांवर बोटांचे वळ. त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. लोक म्हणाले, घाबरली. माझ्या बाई तुरुंगाला घाबरल्या नाहीत हो. कशाला घाबरल्या तेवढं मला कळलं नाही."

नोंदबाई उठली. जिन्यात तिला वाटलं, मागे फिरावं आणि आणखी विचारावं. पण तिला त्याची माहिती नको होती. तिला दादा हवा होता.

५

गोदामाच्या त्या रात्रीची चौकशी केलेल्या समितीची फाइल याच इमारतीत, दोन खोल्या सोडून होती. नोंदबाईनं ती पूर्वी अनेकदा वाचली होती, पण नावांसाठी. आता तिनं मागे जोडलेला गोदामाचा नकाशा उलगडला. एक मोठं दार. खिडक्या नाहीत. उत्तरेच्या भिंतीत, जमिनीलगत, एक चौकोन आणि बारीक अक्षरात टीप: 'माल सरकवण्याची लोखंडी झडप. बाहेरून विटांनी बंद. वापरात नाही.'

विटांचं पुढे बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. हा विचार वेडा आहे हे तिला कळत होतं. चौतीस वर्षांपूर्वीच्या टेपला रस्ता सांगायचा! कळत होतं आणि हात मात्र नकाशा घडी करून ब्लाउजात खोचत होते.

तिसऱ्या वेळी कानसेन तिच्या शेजारीच बसले. त्यांनी अडवलं नाही. सव्वीस वर्षांत या बाईनं कधी काही मागितलं नव्हतं.

खरखर. शांतता. मग लगेच, अगदी कानाशी: "आहेस?"

"आहे. दादा, मोठं दार विसर. पाठ त्याच्याकडे कर. आता डावा हात लांब कर. भिंत लागते?"

तळहाताचा आवाज. "लागली."

"तिच्या कडेकडेनं चाल. कोपरा येईल."

चालण्याचा आवाज. चपलेचा एक पट्टा तुटलेला असावा, एक पाऊल फरपटत होतं. नोंदबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आवाज मात्र कामावरचा, कोरडा, एकसारखा. कोपरा आला. तिनं त्याला वळवलं. पोती लागली. पोत्यांवरून चढ म्हणाली. तो धापा टाकत होता.

मध्येच तो थांबला. "जरा दम धर. बाकीचे येतायत."

"हो, हो, सगळ्यांना आण. किती जण आहात?"

तिला वाटलं, पाच म्हणेल. पाच आणि तो.

"दादा, किती जण?"

"मोजता येत नाही गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरलेला वाटला.

रीळ संपलं. मोकळं टोक यंत्रावर फटफट आपटत राहिलं. कानसेननी ते थांबवलं. टेबलावर तांबूस पूड सांडली होती, कुणी विटेचा तुकडा उगाळावा तशी.

"झडपेपाशी पोचत आला होता तो," नोंदबाई म्हणाली. "आणखी दोनच मिनिटं हवी होती."

कानसेननी टेप उजेडाकडे धरली. पलीकडचा दिवा तिच्यातून अंधुक दिसत होता. "एकदा," ते म्हणाले. "तेही नशीब असेल तर."

६

आईला सांगायचं की नाही यावर तिनं दोन रात्री घालवल्या. आई एक्क्याऐंशीची. हृदय थकलेलं. डॉक्टरांनी 'जपा' म्हटलं होतं, आणि बाहेर आल्यावर नोंदबाईला एकटीला 'तयारी ठेवा' म्हटलं होतं.

सकाळी आईला औषध देताना तिच्या तोंडून निघूनच गेलं.

गोळी आईच्या तळहातावर तशीच होती.

"कधी ऐकलास?"

"पाच दिवस झाले."

"पाच दिवस! आणि मला आज सांगतेस?"

"तुझी तब्येत—"

"खड्ड्यात गेली तब्येत. तो बोलला, आणि तू एकटी ऐकत बसलीस? मी त्याची कोण, शेजारीण?"

"आई, तो तोच आहे की नाही हे मला खात्रीनं सांगता येत नाही. कानसेनना तर काही ऐकूही येत नाही."

"त्या कानसेनच्या पोटात नव्हता तो नऊ महिने," आई म्हणाली. तिनं गोळी पाण्याशिवायच गिळली. "मला ने. मी ऐकलं की सांगते, तो आहे की नाही. आणि एक ऐक. तू रस्ता सांगितलास, बरं केलंस. आता मध्येच सोडू नकोस त्याला. माझी शपथ आहे."

नोंदबाईनं मान हलवली. आईनं कपाटातली चांगली साडी काढायला लावली, केस विंचरून घेतले. कुणाला तरी आणायला स्टेशनवर निघावं, तशी ती तयार झाली.

७

संग्रहालयाची सुट्टी होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. वरच्या दालनात काचपेट्या पुसून ठेवलेल्या, दिवे तपासून बंद केलेले. भर दुपार. बोळाच्या टोकाच्या झरोक्यातून ऊन थेट फरशीवर आलेलं. अशा उन्हात काय होणार, असं नोंदबाईला वाटलं आणि धीर आला.

आईची चाकांची खुर्ची आत घेताना दार पूर्ण उघडावं लागलं. मग कानसेननी ते अर्धवटच लोटून ठेवलं. आईला हेडफोन जड होईल म्हणून त्यांनी आवाज स्पीकरवर घेतला. मग टेप चढवली, आणि कळ दाबण्याआधी क्षणभर नोंदबाईकडे पाहिलं. "बघा बुवा," एवढंच म्हणाले.

खरखर. शांतता.

आई पुढे वाकली. "बाळा," ती म्हणाली, "मी आले रे."

स्पीकरमध्ये कुणाचा तरी श्वास अडकला. "आई?"

आईनं नोंदबाईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "आहे. तोच आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की नोंदबाईला चौतीस वर्षांत तो तसा आठवेना.

"दादा, पोत्यांवरून खाली उतर. जमिनीलगत चाचप. लोखंड लागेल."

चाचपणं. "लागलं. गार आहे. ही बाहेरून बंद आहे गं."

"ढकल. खांदा लावून ढकल."

एक धडक. दुसरी. आई खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःचा खांदा पुढे काढत होती, जणू तिच्या जोरानं ते हलणार होतं. तिसऱ्या धडकेला विटा कोसळल्याचा आवाज झाला. कानसेन दचकून मागे सरले. त्यांनाही ऐकू आलं होतं.

लोखंड करकरलं. मग वारा. मोकळ्या जागेतला वारा, स्पीकरभर.

"निघाला!" आई ओरडली. "निघाला माझा पोरगा!"

फरपटणारं एक पाऊल बाहेर पडलं. त्याच्या मागे आणखी पावलं. नोंदबाई सवयीनं मोजू लागली. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा. सहावा. सहा झाले. तिनं आईकडे वळून हसून पाहिलं, आणि सातवं पाऊल पडलं.

आठवं. नववं. दहा, अकरा. पंधरा. ती मोजत राहिली. वीसनंतर पावलं एकमेकांत मिसळली. त्यांत काही फार जड होती. काही हातांवर चालल्यासारखी.

"हा आपला होता," आई हळू आवाजात म्हणाली. "पण याच्या मागे कोण आलं?"

रीळ संपलं. टोक फटफटलं. कानसेननी झडप घालून यंत्र बंद केलं, वायरसुद्धा उपटली. चकतीवरची टेप काचेसारखी स्वच्छ होती. त्यांनी ती हातात धरली आणि तशीच धरून उभे राहिले.

पावलं थांबली नव्हती.

ती आता स्पीकरमधून येत नव्हती. ती वरच्या दालनातून येत होती. एक काचपेटी फुटली. मग दुसरी. मग जिना.

फरपटणारं पाऊल सगळ्यांच्या पुढे होतं. ते धावत होतं. जिन्यावरून बोळात, बोळातून दाराशी. अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीत कुणीतरी येऊन थांबलं, आणि वळून पाठ त्यांच्याकडे केली. नोंदबाईला काचेतून तेवढंच दिसलं. पांढऱ्या सदऱ्याची पाठ, घामानं चिकटलेली, आणि दोन्ही बाजूंना चौकटीवर रोवलेले हात. बोळातलं ऊन गेलं होतं.

"भुणभुणे, दार लाव."

"आत ये!" तिनं फटीतून हात घालून त्याचा सदरा धरला. कापड खरं होतं. ओलं होतं. "दादा, आत ये, मग लावते!"

"मी आत आलो तर तेही येतील. मला वाटलं, मागचे आपलेच आहेत. लाव."

"लावू नकोस!" आई किंचाळली. ती खुर्चीतून उठायला धडपडत होती. "येऊ दे! सगळे येऊ देत! मी बघते कोण येतंय ते!"

"भुणभुणे," तो म्हणाला, आणि तो आवाज आता बावीस वर्षांच्या पोराचा होता, जो फार दमला होता. "मला फार वेळ धरता येणार नाही."

त्याचे पाय फरशीवरून मागे सरकू लागले. कुणीतरी समोरून लोटत होतं, घाई न करता, सगळं वजन टाकून. त्याच्या खांद्यावरून, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, क्षणभर काहीतरी वाकून आत पाहू लागलं. कानसेननी तोंड फिरवलं. नोंदबाईनं पाहिलं, आणि सदरा सोडला.

तिनं दाराला खांदा लावला. त्याची पाठ ढकलून बाहेर काढली. कडी घातली.

८

जाड दार. आत काही ऐकू आलं नाही. दार फक्त हलत होतं, चौकटीत, बारीक बारीक. काचेला सदरा चिकटलेला दिसत होता, इकडून तिकडे घसटणारा.

नोंदबाई दाराला पाठ लावून खाली बसली. दाराचं ते हलणं तिच्या पाठीत येत होतं. मग तेही मंदावलं, आणि नुसतं एक वजन राहिलं. पलीकडे कुणीतरी तसंच, दाराला पाठ टेकून बसावं तसं. किती वेळ ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घड्याळ पाहिलं नाही.

मग वजनही गेलं.

कानसेननी कडी काढली ती संध्याकाळ व्हायच्या सुमाराला. बोळ रिकामा होता. झरोक्यातून उतरतं ऊन येत होतं. दाराच्या बाहेरच्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, तांबूस पुडीचा एक पट्टा होता, खाली ओघळत गेलेला. फरशीवर पाऊल एकाचंही उमटलेलं नव्हतं.

ते वर जाऊन आले. दालनातल्या सगळ्या काचा आतून फुटल्या होत्या, म्हणाले. डफ, चष्मा, वह्या जागच्या जागी होत्या. "उद्या येणाऱ्यांना काय सांगायचं?" ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच त्या प्रश्नाचं हसू आलं. मग ते तोंडावर हात घेऊन रडले.

नोंदबाई आईची खुर्ची ढकलत बाहेर आली. रस्त्यावर रोजची माणसं रोजच्यासारखी घरी चालली होती. ती आईशी बोलत राहिली. तो आपल्याला वाचवत होता गं आई. त्यानंच सांगितलं लाव म्हणून. मी काय करणार होते? तूच सांग, मी काय करायला हवं होतं?

आईची मान घरापर्यंत खालीच होती. कुलूप काढून नोंदबाईनं खुर्ची आत घेतली आणि मागे दार लोटलं, तेव्हा तो आवाज ऐकून आईनं मान वर केली.

"चौतीस वर्षं मी सगळ्यांना विचारत होते," ती म्हणाली, "की माझ्या पोरावर दार कुणी लावलं."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती एकोणीस दिवस जगली. लेकीच्या हातून तिनं पाणी घेतलं, औषध घेतलं, पण तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.